राखणदाराचं गाऱ्हाणं

लेकीच्या लग्नाचा नारळ गावच्या राखणदारांना ठेवायला आमचे हे गुरवासोबत आंब्याखालच्या दगडांपुढे उभे राहिले, तेवढ्यात शहरातून आलेल्या संशोधक बाई म्हणाल्या, "या राखणदारांच्या समाध्या नाहीत. तुमच्या खोत घराण्याने विकत घेतलेले गुलाम इथे पुरलेत."

ह्यांनी नारळ चटकन पाठीमागे लपवला. "म्हणजे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नोकरांच्या पाया पडलो?"

"नोकरांना पगार असतो," मी म्हणाले.

"तू गप्प बस. गुरव, आजपासून ह्यांच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणं बंद!"

म्हातारा गुरव मान डोलवत म्हणाला, "करूया बंद, मालक. पण मी तेंका जल्मभर महाराजा म्हटलंय. 'आजपासून तुमी परत गुलाम', ह्यां तेंका तुमीच सांगा. मी जरा बाजूक उभो रवतंय."

आणि तो खरंच दहा पावलं लांब गेला.

ह्यांनी घसा खाकरला. वर आंब्याची फांदी करकरली. लग्न चार दिवसांवर आलेलं. नारळ मुकाट्याने पुढे आला.

गुरवाने परत येऊन हात जोडले आणि आवाज चढवला, "बा राखणदारा, ह्या खोतांच्या वाडवडलांकडून काय चूक झाली असात, ती पोटात घाल रे महाराजा!"

सगळ्यांत मोठ्याने आमचे हेच ओरडले, "व्हय महाराजा!"