गोचिडांचं औषध

गाईला गोचिडांचं औषध फवारल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, "हे दुधात उतरतं. थोडे दिवस दूध पिऊ नका." सगुणाकाकूंनी घरात थेंबही ठेवला नाही. सगळं किटलीत भरून त्या डेअरीवर आल्या.

रांगेत पुढे शेजारची मंदाकिनी होती. "अर्धा लिटर मला दे गं," काकू म्हणाल्या, "नातू दुधासाठी रडतोय."

मंदाकिनी त्यांच्या कानाशी वाकली. "पोराला नका पाजू, काकू. आमच्याही गाईला तेच फवारलंय. म्हणून तर सगळं इथं आणलं."

काकूंनी रांगेकडे पाहिलं. आज प्रत्येकीची किटली काठोकाठ भरलेली होती. घरासाठी कुणीच काही राखलं नव्हतं.

मंदाकिनीनं आपलं दूध डेअरीच्या टाकीत ओतलं. काकूंनी क्षणभर किटली घट्ट धरली. मग त्यांनीही ओतलं.