मेहुण्याचा ठेका

“बसली! पुन्हा त्याच जागी बसली!” पियानिस्टने हेडफोन ओरबाडून काढला आणि पियानोवर आदळला. नुकतंच वाजवलेलं रेकॉर्डिंग तिघं मिळून ऐकत होते. नवी रचना सुरुवातीला मस्त उधळत होती, पण मधला भाग आला की चढावरच्या लादलेल्या गाडीसारखी धापा टाकायला लागायची. हॉलमधल्या कार्यक्रमांत हे कधी जाणवलं नव्हतं. इथे, कान देऊन ऐकल्यावर, लपत नव्हतं. “आपल्या ड्रम्सवर माणूस बसलाय की दगड?”

ड्रम्सवर त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. स्टिक्स मांडीवर ठेवून तो खाली बघत होता.

“तुलाच विचारतोय. का रेंगाळतोस?”

“परत घेऊ या, भाऊजी.”

“सकाळपासून परतच घेतोय!”

राग यायला कारण होतं. बऱ्याच वर्षांनी त्याला स्वतःच्या रचनांची रेकॉर्ड करायला मिळत होती, आणि ही रचना त्याच्या खास जिव्हाळ्याची होती. कागदावर तो कधी काही लिहीत नसे. जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत सूर शोधायचा. चमचे उडायचे, पाणी सांडायचं, बायको कपाळाला हात लावायची. आधी डाव्या हाताचं काम ठरायचं, मग उजव्याचं. ही खोड मामाच्या रेकॉर्डच्या दुकानातली. पोरवयात तिथे तो जुन्या जॅझ पियानिस्टांच्या रेकॉर्ड लावायचा आणि त्यांचा डावा हात नेमका काय करतो ते कळावं म्हणून फिरत्या तबकडीवर बोट टेकवून तिची गती कमी करायचा. मामाने त्यापायी किती धपाटे घातले त्याची गणती नाही. पण पुढे लोक तिकीट काढून आले ते त्याच्या डाव्या हातासाठीच. उजवा हात काय, कुणीही चालवतो, असं तो तोऱ्यात म्हणायचा आणि लोकांना ते पटायचं.

आता तो मेहुण्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

“घरातली भांडी बडवत होतास, तेव्हापासून तुला घडवलं मी. आणि आज माझ्याच रचनेचा गळा घोटतोस? हात चालत नसतील तर सरळ सांग. उद्या दुसरा ड्रमर आणतो. तुझ्या बहिणीला काय सांगायचं ते माझं मी बघेन.”

“ताईला मध्ये आणू नका.” मेहुण्याचे कान लाल झाले.

“आणणार! तिच्या भिडेखातरच तुला आजवर सांभाळून घेतलंय.”

डबल बेस वाजवणारी बाई तोंडाची फटकळ होती. एरवी पियानिस्टलाही चार शब्द सुनावायला ती मागेपुढे पाहत नसे. आज तिने बेसच्या तारा पुसायला घेतल्या आणि मान वर केली नाही. तिच्या गप्प बसण्याने तो आणखीच भडकला.

“टिकटिक लाव!” काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टवर तो ओरडला. “फक्त याच्या कानात. आणि तू त्या टिकटिकीवर वाजवायचं. केसभरही मागे राहायचं नाही. मग बघू कोण बसतंय ते.”

यंत्राच्या ठोक्यावर वाजवणं म्हणजे त्यांच्यासारख्यांना पुन्हा बाराखडी गिरवायला बसवणं. इतक्या वर्षांच्या संगतीत अशी वेळ कधी आली नव्हती.

“टिकटिक नको,” मेहुणा म्हणाला.

“का? पितळ उघडं पडेल?”

“भाऊजी, हात जोडतो. आज नको. घरी बोलू.”

“घरी जेवायला ये. वाजवायचं ते इथे!”

“खरंच नको,” बेसवाली पुटपुटली.

“म्हणजे तूही त्याला सामील!”

मेहुण्याने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. सकाळपासून गिळलेलं सगळं त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि शेवटी त्याचंही डोकं फिरलं. “लाव रे,” तो रेकॉर्डिस्टला म्हणाला. “एकदा होऊनच जाऊ दे.”

रचना सुरू झाली. ठेका आखल्यासारखा सरळ पडत होता. पियानिस्टने कसा वठणीवर आला अशा थाटात मान डोलावली. मधला भाग आला. इथे डाव्या हाताला खालच्या सुरांवरून वर झेप घेऊन परत खाली यायचं होतं. हात वर गेला. तो खाली येईपर्यंत ठेका पुढे निघून गेला होता. त्याने गाठायचा प्रयत्न केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पट्ट्यांवर नुसती पडली, वेळेवर उठलीच नाहीत. बेस थांबला. ड्रम्स काही वेळ एकटेच वाजत राहिले, चिडून, जोरात. मग तेही थांबले.

पियानिस्टने हात उचलला आणि तीच झेप एकट्याने घेऊन पाहिली. पुन्हा उशीर. वयाबरोबर तुमच्या वाजवण्यात काय ठहराव आलाय, असं लोक हल्ली म्हणायचे, आणि तो खूश व्हायचा.

“किती दिवस?” त्याचा आवाज अजून चढलेलाच होता, पण कुणावर ओरडायचं ते आता त्याला कळत नव्हतं. “किती दिवस चाललंय हे? माझा हात गेलाय हे तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही तुझी? खुशाल रेंगाळत राहिलास?”

मेहुणा ड्रम्समागून उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं.

“रेंगाळत नव्हतो, भाऊजी,” तो म्हणाला. “तुम्हाला मागे टाकून पुढे जाववत नव्हतं.”