पार्तुरार

दुर्गाघाटावरच्या घरात ईशानीला सकाळपासून कळा येत होत्या, आणि तिचे वडील दत्तात्रेयपंत बाहेरच्या खोलीत एका क्रियापदापाशी अडले होते.

क्रियापद इडो भाषेतलं. जगातल्या सगळ्यांना एकमेकांचं बोलणं कळावं म्हणून युरोपातल्या विद्वानांनी ही भाषा बनवली. काशीत ती एकट्या पंतांना येत असल्यामुळे बोलायचा प्रश्न नव्हता. त्यांचा शब्दकोश मात्र जोरात चालला होता, एका शब्दाला एक चिठ्ठी. ‘पार्तुरार : बाळंत होणे.’ पार्तुरोन्ता, होणार आहे ती. पार्तुरान्ता, होते आहे ती. पार्तुरिन्ता, झाली ती. ही शेवटची चिठ्ठी लिहायला हात धजेना.

मधल्या खोलीतून ईशानीची आई, कालिंदीबाई, घामाघूम होऊन आल्या. “अहो, बाळ अडलंय. डॉक्टरीणबाई निघाल्यात, पण गल्लीत सांड आडवा बसलाय म्हणे. तोवर घरातल्या गाठी सोडा, कुलपं उघडा.”

“अगं, एकोणीसशे त्र्याण्णव साल आहे. गाठीचा आणि बाळंतपणाचा संबंध काय?”

“संबंध मागाहून सांगते. जानव्याला बांधलेली कपाटाची चाबी द्या आधी.”

पंतांनी चाबी सोडून दिली. कपाट उघडलं गेलं. आत ईशानी ओरडली. पंतांनी शेंडी सोडली. ती पुन्हा ओरडली. पंतांनी इकडेतिकडे बघून पायजम्याची नाडी सोडली आणि पायजमा मुठीत धरून उभे राहिले.

मग आतून आवाजच येईना. ओरडण्यापेक्षा हे वाईट होतं.

उघड्या कपाटात चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते. अक्षरवार लावलेले, सुतळीनं करकचून बांधलेले. पंतांचं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य. मग एका हातानं आणि दातांनी त्यांनी एकेक सुतळी सोडली. गंगेवरचा वारा आत आला. चिठ्ठ्या खोलीभर झाल्या, काही थेट घाटाच्या पायऱ्यांवर गेल्या. खिडकी लावायला पंत पुढे झाले, आणि तिला हात न लावताच मागे फिरले.

आत बाळ रडलं.

“मुलगी झाली हो!” कालिंदीबाई दारात आल्या आणि थबकल्या. “अगबाई, हे काय करून ठेवलंत? एवढ्या वर्षांची मेहनत!” त्या खाली बसून चिठ्ठ्या गोळा करू लागल्या, बांधायला त्यांनी सुतळी उचलली.

“बांधू नकोस,” पंत म्हणाले. “बाळामागची वार पडली का?”

“पडेल की आता.”

“मग आधी पडू दे.”