काजळी न लावता

"आधी काजळी फास, मग बोल!" गाण्या-नकलांच्या खेळाचा मालक क्रेनसाहेब, त्याने वाटी अमोसपुढे आपटली. जाळलेल्या बुचाची काजळी, पाण्यात कालवलेली.

अमोस मुळातच काळा. पण तिकीट काढून येणाऱ्या गोऱ्यांना तेवढा काळा पुरतोय कुठे! वरून काजळीचा थर हवा, ओठ कानापर्यंत रंगवलेले हवेत, मग कुठे हशा पिकायचा.

"आज नाही लावणार, साहेब."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"आई येतेय माझी."

आईला विकून नेलं तेव्हा तो तिच्या कमरेएवढाही नव्हता. गुलामी गेली, तेव्हापासून चर्चमध्ये हरवलेल्यांची नावं वाचून दाखवायचे. अमोसनेही आपलं नाव नि ठिकाण कळवलं होतं. तिथेच गेल्या रविवारी तिने ते ऐकलं. निरोप धाडला, शनिवारी येते, वर काळ्यांच्या सज्जात बसते. इतकी वर्षं तिने लेकाला शोधलं, ते काय हा रंगवलेला जबडा बघायला?

"मग उद्यापासून दुसरीकडे काम बघ."

"बघेन," अमोस म्हणाला आणि बादलीवर वाकला. रोजची काजळी सहजासहजी निघते थोडीच! कानामागे तर त्याने कातडी चुरचुरेस्तोवर घासलं. लहानपणी आई धपाटा घालायची ती कानामागे धुतलं नाही म्हणूनच.

पडदा उघडला. अर्धगोलात काळीकुट्ट तोंडं, आणि टोकाच्या खुर्चीवर, हाडांच्या चिपळ्या मांडीवर ठेवून, अमोस. साध्या तोंडाचा. खाली कुजबुज झाली, मग शिट्ट्या सुरू झाल्या.

मधल्या खुर्चीवरच्या लेम्युएलचं कामच प्रश्न विचारायचं, आणि हाडं वाजवणाऱ्याला खेळात 'मिस्टर बोन्स' म्हणायचं. बिचाऱ्याने वेळ मारून नेली. "काय हो मिस्टर बोन्स, आज आंघोळबिंघोळ केलीत की काय?"

लोक पोट धरून हसले.

अमोस उभा राहिला. "होय. आई आलीय माझी."

लोक आणखीच हसले. त्याने हशा ओसरू दिला. मग मान वर करून सज्जाकडे बघत म्हणाला, "आई, मी अमोस."

आता कुणी हसलं नाही. क्रेनसाहेब पडद्याआडून हातवारे करत होता, ते त्याने पाहिलंच नाही. वर एक म्हातारी कठडा धरून उठली. खाली वाकली.

"कानामागे धुतलंस का रे?"

"दोनदा, आई!"

अमोसने चिपळ्या बोटांत अडकवल्या आणि कुणी सांगायची वाट न बघता वाजवायला सुरुवात केली.