गेणभाऊंचा सत्कार

हौशीरामच्या हातात माईक होता आणि तो आज कुणाला परत मिळेल अशी लक्षणं नव्हती.

घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, पायथ्याला रामदासचा बैलगाडा जुंपून तयार होता. जत्रेतली शेवटची बारी, म्हणजे शेवटची धाव. खालून वरच्या दोरीपर्यंत गाडा पोचायला बारा सेकंद लागतात. त्याआधी नावं पुकारायला वीस मिनिटं. बैल चार, मालक चार, आणि प्रत्येक मालकाला वडील, चुलते, मेहुणे आणि दूध डेअरीचे माजी चेअरमन.

"नाव घ्या आन् सोडा राव!" रामदास खालून ओरडला. आपल्या बैलाच्या, बावऱ्याच्या, वेसणीला तो लोंबकळतच होता.

"गाडामालकांना विनंती," माईक म्हणाला, "बैल शांत ठेवावेत."

विनंती बैलांपर्यंत पोचली नाही.

चैत्रापासून सात जत्रा झाल्या होत्या आणि सातही घाटांत रामदासचा गाडा दुसरा आला होता. घरी फळीवर दुसऱ्या नंबराच्या सात ढाली ओळीनं उभ्या होत्या. त्याची बायको इंद्रायणी त्यांच्यामागं तिखटामिठाचे डबे ठेवायची. बावऱ्या आता थकला होता. ही बारी झाली की त्याला पुन्हा गाड्याला लावायचा नाही, असा शब्द रामदासनं तिला दिला होता. म्हणजे पहिला नंबर यायचा तर आज, नाहीतर कधीच नाही. आंबेगाववाल्यांचा गाडा दुपारी बारा सेकंद चार पॉइंटात वर गेला होता. तेवढा वेळ तोडायचा होता.

"थांबा," शेजारचा बैल धरलेला पोपट म्हणाला. "माझ्या सासऱ्यांचं नाव ऱ्हायलं. ते घेतल्याबिगर माझा बैल निघायचा न्हाई."

"पोपटराव, तो बैल हाये. त्याला सासरा न्हाई."

"मला हाये ना. वर मांडवात बसलेत, कान देऊन."

सासऱ्यांचं नाव घेतलं गेलं. मांडवात एक म्हातारा उठून चारी दिशांना हात जोडून बसला. रामदासनं वेसण मोकळी करायला घेतली.

"आणि आता," माईक म्हणाला, "शेवटच्या बारीपूर्वी एक छोटासा कार्यक्रम. पिंपळवंडीचे गाडामालक रामदास यांच्यातर्फे आपले घड्याळवाले गेणभाऊ यांचा सत्कार!"

रामदासनं वेसण पुन्हा आवळली. सत्काराची कल्पना त्याचीच होती. सात वेळा दुसरा आल्यावर माणूस विचार करतो, आणि विचार करून रामदासला असं वाटलं होतं की बारीची वेळ घेणारा घड्याळवाला खूश असला म्हणजे घड्याळात पॉइंट कमी भरतात. शाल, फेटा आणि नारळ त्यानं स्वतः जुन्नरच्या बाजारातून पारखून आणले होते. नारळ तर कानाशी हलवून.

"नंतर करा! नंतर!" तो ओरडला.

"रामदासशेठ किती आग्रह करताहेत बघा," हौशीराम कौतुकानं म्हणाला. "वाजवा रे!"

हलगी कडाडली.

गाडा सुटला की हलगी वाजते, हे माणसांना ठाऊक असतं. बावऱ्याला दहा वर्षांत उलटं ठाऊक झालं होतं. हलगी वाजली की सुटायचं. तो सुटला. रामदास एका बाजूला पडला, पोपट दुसऱ्या बाजूला. गाड्याच्या पुढं पळवायची घोडी मागं राहिली. निशाणवाला झेंडा काखेत धरून टाळ्या वाजवत होता, त्याच्या टोपीवर धूळ बसायच्या आत गाडा वरच्या दोरीपल्याड गेला होता.

असा गाडा त्या घाटात कुणी पाहिला नव्हता. फेटे उडाले. आंबेगाववाला टोपी काढून म्हणाला, "संपलो आमी."

रामदास धापा टाकत वर पोचला. "गेणभाऊ, किती?"

गेणभाऊंच्या डोक्याला अर्धा फेटा होता, उरलेला एका डोळ्यावर. दोन्ही हातांत नारळ. घड्याळ गळ्यात, शालीखाली.

"लई पळाला," गेणभाऊ म्हणाले.

"लई म्हंजे किती?"

गेणभाऊंनी शाल बाजूला केली. घड्याळात शून्य होतं.

"लईच," ते म्हणाले.

पुन्हा बारी घ्यावी तर एका बैलाला दिवसात एकच बारी, हा नियम. नियम सगळ्यांना पाठ होता आणि दुर्दैवानं तो चांगलाही होता. पंच मंडळी मांडवामागं जाऊन आली. पहिला नंबर द्यायला वेळ लागतो, आणि वेळ तर नोंदलाच नव्हता. पण गाडा पळाला हेही नाकारता येत नव्हतं. तेव्हा सर्वानुमते दुसरा.

"अंदाजे दुसरा," हौशीरामनं माईकवर दुरुस्ती केली. "आणि ही ढाल आपले सत्कारमूर्ती गेणभाऊ यांच्याच हस्ते!"

रामदास बावऱ्याचा कासरा काखेत धरून पुढं झाला. गेणभाऊंनी ढाल दिली. ढालीवर मानाचा नारळ ठेवला. रामदासनं तो ओळखला.

"पाण्याचा आवाज ब्येस येतो बघ त्यात," गेणभाऊ हळूच म्हणाले. "मी हलवून बघितला."

"वाजवा रे!" माईक म्हणाला.

हलगी कडाडली. रामदासचे दोन्ही हात गुंतलेले होते. काखेतला कासरा सरकन निघून गेला आणि बावऱ्या एकटाच, शेपूट वर करून, पिंपळवंडीच्या दिशेनं उधळला.

या वेळी मात्र गेणभाऊंनी घड्याळ बरोबर दाबलं.