रुमालाखालचा सौदा

"अरं, पोलीस लाल गाडी अडवणार हायत म्हणं! लाल!"

विष्णुपंत गादीवर मांडी थोपटून हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. समोरची माणसंही हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो गणपा दलाल.

हसणं भागच होतं. सांगलीच्या हळदपेठेत विष्णुपंतांच्या अडतीवर मालक हसले की हसावं, नाहीतर लोक तोंडाकडं बघतात. आणि कुणी आपलं तोंड निरखून बघावं, हे गणपाला परवडणारं नव्हतं. कारण तो गणपा नव्हताच. तो फौजदार अवधूत होता. वर्षभर तो इथं हळद विकत होता आणि हळदीच्या पोत्यांतून मुंबईला जाणाऱ्या पिस्तुलांचा माग काढत होता.

लाल गाडी दारात उभी होती. तिच्यात नुसती हळद. पिस्तुलं होती निळ्या गाडीत, आणि ती सकाळीच पेठ सोडून गेली होती.

"मालक, खबर पक्की हाय न्हवं?" अवधूतनं विचारलं.

"दगडावरची रेघ! आपला मानूस पोलिसातलाच हाय. फोनवर बोलतोय, थोबाड काय दावत न्हाई." विष्णुपंतांनी पानाची पिंक टाकली. "आनि आयका समदी. आपल्यात एक पोलीस घुसलाय. नाव सांगायला लय भाव खात हुता, पर आज सांजच्याला सांगतो म्हनालाय. मग त्याचाबी ज्योतिबा करू."

आता कुणी हसलं नाही. ज्योतिबा इथला हमाल. सरळ, देवभोळा माणूस. पोत्यातलं लोखंड पाठीला टोचलं, तेव्हा त्यानं ते विश्वासानं अवधूतच्या कानावर घातलं. अवधूतनं ते वर कळवलं, आणि आठवडा सरायच्या आत ज्योतिबा कृष्णेत सापडला. पाय घसरला, असं कागदावर आलं. त्याची बायको अंजना आता याच अडतीवर हळद पाखडत होती. तिला काम आपण दिलं, हे विष्णुपंत येईल त्याला सांगत. त्या बाईसमोर अवधूत मान वर करत नसे.

"आनि काय रं गणपा," विष्णुपंत एकदम वळले, "काल त्या एसटीडीच्या खोक्यात लय येळ बोलत हुतास. कुनाला?"

"आक्काला, कुंडलला."

"आक्का का पोरगी? लेका, वरीसभर हळदीत लोळतोयस, पर अंगाला काय हळद लागंना तुज्या!"

पुन्हा हशा पिकला. अवधूत छान लाजला. लाजणंही त्याला आता जमत होतं.

दुपारी सौदे सुरू झाले आणि साताऱ्याचे व्यापारी आले. धोतर, काळी टोपी, काखेत छत्री. हे खरे तर वेश पालटलेले सुमंत साहेब, अवधूतचे पोलिसातले वरिष्ठ. त्यांनीच त्याला इथं पेरलं होतं. ज्योतिबा गेला तेव्हा ते हळहळले होते. "आपल्या कचेरीत कुणीतरी फितूर आहे," म्हणाले होते. "इथून पुढं कुणाला काही कळवू नको. फक्त मला, तेही हातात हात देऊन." गेल्या सौद्याला अवधूतनं तसंच केलं होतं. माल कुठल्या गाडीतून जाणार, ते त्यानं रुमालाखाली ठरलेल्या खुणेनं साहेबांना सांगितलं होतं.

या पेठेची रीतच तशी. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमाल पसरायचा, त्याखाली हातात हात द्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. वर शंभर माणसं बघत असली तरी खालचं त्या दोघांशिवाय देवालाही कळत नाही.

अंजनानं सुपातली हळकुंडं नमुन्याला म्हणून दोघांच्या मध्ये ओतली. एरवी ती ओतून निघून जायची. आज पदर खोचून तिथंच बसली. अवधूतनं ढिगावर रुमाल टाकला. साहेबांचा हात आत आला. त्यांनी बोट दोनदा दाबून विचारलं. गाडी तीच ना?

विष्णुपंत हातभर अंतरावर पान चघळत बघत होते. अवधूतनं हळकुंडांत बोटं खुपसली.

तेवढ्यात गादीवरचा फोन वाजला.

"कोन? व्हय, मीच." विष्णुपंतांचं चघळणं थांबलं. "निळी धरली? पेठ नाक्याला? आरं, पर त्यास्नी लाल..."

साहेबांनी रुमालाखालचा हात झटकन मागं ओढला. तो निघाला नाही. त्यांनी पुन्हा हिसका दिला, तसा रुमाल घसरला. हळदीनं पिवळीधमक झालेली बेडी उघडी पडली. तिचं एक कडं साहेबांच्या मनगटात होतं, दुसरं अवधूतच्या.

काल एसटीडीवरून ठरल्याप्रमाणे पेठेच्या फाटकातून पोलिसांच्या दोन जीपगाड्या आत शिरल्या. अडतीवर पळापळ झाली. अंजना तेवढी जागची हलली नाही. रिकामं सूप छातीशी धरून ती विष्णुपंतांकडं बघत होती.

"अवधूत!" साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वेड लागलं का तुला? काढ आधी हे! अरे, त्या फितुराला सोडून मला कसला धरतोस?"

अवधूतनं आज पहिल्यांदा अंजनाकडं मान वर करून बघितलं. मग तो शांतपणे म्हणाला, "साहेब, माल पहिल्यापासून निळ्या गाडीतच होता. लाल मी फक्त तुमच्या हाताला सांगितली होती."