मधली जागा

एप्रिल उजाडला की त्या डोंगरावर लोक नुसत्या सदऱ्यावर स्की करतात. उन्हानं बर्फ भुसभुशीत झाला होता. ड्वेन आणि मार्लीस, दोघं नवरा-बायको, बऱ्याच वर्षांनी निवांत सुट्टीवर आले होते.

वर नेणारी चेअरलिफ्ट जुनी, एका बाकड्यावर तिघांची. गर्दीत तिथे जागा रिकामी सोडत नाहीत. एकट्यानं आलेल्यांच्या रांगेतून कोणालातरी शेजारी बसवतात. पण लिफ्टवरची मुलगी म्हणाली, "चला, तुम्ही तिघं."

"भर दुपारी बिअर झालेली दिसतेय हिची," ड्वेन हसला.

दुसऱ्या खेपेला मार्लीसनंच एकट्या उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला बोलावलं. "या की आजोबा, जागा आहे."

त्यानं दोघांच्या मधे पाहिलं. "दाटी कशाला उगाच? मी मागच्यातून येतो."

बाकडं वर निघालं. अर्ध्या वाटेत ढग आले आणि ओला बर्फ पडू लागला. तो मार्लीसच्या मांडीवर साचला, ड्वेनच्या टोपीवर साचला. मधली जागा मात्र कोरडी ठणठणीत राहिली.

मार्लीसच्या तोंडचं पाणी पळालं. "ड्वेन, अरे, हे बघ ना."

ड्वेन तिकडेच बघत होता. त्याचा हात त्या रिकाम्या जागेभोवती अलगद वेढलेला होता.

"हळू बोल," तो कुजबुजला. "आत्ता कुठे डोळा लागलाय."